मालकाच्या बाजूला

आपली धाकटी मुलगी मालकाच्या बाजूने बसणार आहे, हे बाबांना जेवताना कळलं. त्यांनी ताट बाजूला सारलं नाही, कारण समोर आई बसली होती आणि पानातलं टाकणं तिच्या राज्यात चालत नव्हतं. त्यांनी हातातला घास तेवढा खाली ठेवला.

"कोणाच्या बाजूने म्हणालीस?"

"व्यवस्थापनाच्या," धाकटी म्हणाली. "वर्गातला सराव आहे, बाबा. कारखाना खोटा, मालक खोटा, करारही खोटाच."

"सुरुवात खोट्यानेच होते," बाबा म्हणाले. "मग अंगवळणी पडतं."

"जेवा," आई म्हणाली. बाबा जेवले, पण एक शब्द न बोलता. त्या घरात ही मोठी गोष्ट होती.

बाबा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी रस्त्यात लोक त्यांना अजून 'सेक्रेटरी' म्हणूनच हाक मारायचे आणि तेही त्याच नावाला वळून बघायचे. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. 'यांचंही तसंच आहे,' असं आई म्हणायची. आईही त्याच कारखान्यातली. ती तपासणीच्या रांगेत बसायची. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि ती त्यांतला बुडबुडा, तडा, वाकडी मान टिपायची. ती सवय अजून गेली नव्हती. कोणाकडे पाणी दिलं की ती आधी पेला उजेडाकडे धरायची, आणि यजमानीण बिचारी उगाचच ओशाळायची.

थोरली दातांची डॉक्टर झाली. धाकटी घराजवळच्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं हिशेबशास्त्र शिकली. मार्क चांगले पडले, पण जीव त्यात रमेना. एका सुट्टीत ती बस डेपोच्या ऑफिसात कामाला होती. तिच्या खिडकीशी चालक आणि वाहक तक्रारी घेऊन यायचे. कोणाची पाळी न सांगता बदललेली असायची, तर कोणाची रजा नामंजूर. हिशेबाचे कागद पुढ्यात उघडे पडलेले असायचे आणि धाकटी हनुवटी हातावर टेकवून त्यांच्या गोष्टी ऐकत बसायची. साहेबाने दोनदा टोकलं. सुट्टी संपताना मात्र तिला कळून चुकलं की आपलं लक्ष कागदात नाही, खिडकीत आहे. मग तिने पुलापलीकडच्या मोठ्या विद्यापीठात, कामगार-संबंध विभागात अर्ज केला. आधीचा अभ्यास धरून त्यांनी तिला थेट तिसऱ्या वर्षाला घेतलं.

थेट तिसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत अर्ध्यातून जाऊन बसणं. बाकीचे दोन वर्षं एकत्र होते. त्यांचे बाक ठरलेले होते, त्यांचे विनोद ठरलेले होते, आणि त्या विनोदांची सुरुवात कधीतरी पहिल्या वर्षाला झाली असल्याने धाकटीला त्यांतलं काही कळायचं नाही. सगळे हसले की ती जराशी उशिरा हसायची. वर्गात तिचं नाव 'नवी' पडलं. "नवीला विचार, नवीकडे खडू आहे का," असं.

विभागाच्या मॅडमनी अर्धं आयुष्य खऱ्याखुऱ्या तंट्यांत मध्यस्थी करण्यात घालवलं होतं, मग त्या शिकवायला आल्या. भांडण बघितलं की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांनीच हा सराव काढला. हातमोज्यांचा एक काल्पनिक कारखाना. भांडण पाळ्यांवरून. उद्या कोणी कधी कामावर यायचं हे व्यवस्थापन आदल्या संध्याकाळी फळ्यावर लावतं, आणि युनियनचं म्हणणं की पाळ्या दोन आठवडे आधी कळल्या पाहिजेत. "जेवणाच्या सुट्टीच्या घंटेपर्यंत करार झाला नाही, तर दोन्ही बाजू नापास," मॅडम म्हणाल्या. "संप परवडत नाही, हे एकदा तुम्हालाही कळू दे."

मग बाजू निवडायची वेळ आली आणि सगळा वर्ग युनियनकडे धावला. कामगार-संबंध शिकायला येणाऱ्यांत मालक व्हायला कोण येतो? युनियनचा पुढारी आपसूकच ठरला. खणखणीत आवाजाचा, वर्गाचा लाडका मुलगा, ज्याला सगळे 'भोंगा' म्हणत. तो कुजबुजला तरी जिन्यापर्यंत ऐकू जायचं. उरली नवी. आणि उरला मौनी, जो खिडकीपाशी बसायचा आणि हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा.

"छान," मॅडम म्हणाल्या. "व्यवस्थापन नेहमी थोडंच असतं."

दुसऱ्या दिवसापासून घरी तालीम सुरू झाली. बाबांचा राग एवढा ओसरला होता की ते युनियन व्हायला तयार झाले. खरं तर त्यांना राहवत नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला धाकटी, आणि आई बाजूला भाजी निवडत.

"पाळ्या दोन आठवडे आधी," बाबा म्हणाले.

"एक आठवडा आधी दिल्या तर?"

"म्हणजे आधी देता येतात. मग आजपर्यंत का दिल्या नाहीत? मुद्दाम?"

"मुद्दाम नाही..."

"मग हलगर्जीपणा. लिहून घ्या हो कोणीतरी, व्यवस्थापनाने हलगर्जीपणा कबूल केला."

थोड्याच वेळात धाकटीने पाळ्या दोन आठवडे आधी दिल्या, चहाची जास्तीची सुट्टी दिली, कारखान्यात पाळणाघर दिलं, आणि बाबांनी मागितलीही नव्हती अशी खेळायला मोकळी जागा दिली. बाबा खूश होऊन खुर्चीत मागे रेलले.

"हिच्या हाती कारखाना दिला तर आठवड्यात कुलूप लागेल," आई म्हणाली. "आणि मग तुमचे कामगार कुठे जातील?"

"मी काय करू? मी शिकवतोय तिला."

"तुम्ही शिकवत नाही, जिंकताय. तुम्हाला मालकाची बाजू शिकवता येणार नाही. आयुष्यात कधी त्या खुर्चीत बसलात? जो बसला होता त्याच्याकडे पाठवा तिला."

तो कोण, हे कोणालाच विचारावं लागलं नाही. बाबांचा चेहरा पडला. त्या कारखान्याच्या कार्मिक विभागाचे साहेब, ज्यांना सगळे कामगार 'बर्फसाहेब' म्हणायचे. भट्टीजवळ जिथे बाकीच्यांच्या शर्टाचं पाणी पाणी व्हायचं, तिथे त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब दिसायचा नाही. बाबा आणि ते जवळजवळ आख्खी कारकीर्द एकमेकांसमोर बसले. दोन संप, कितीतरी करार, आणि भांडणांना तर गणतीच नाही. तरी बाबा घरी येऊन त्यांच्याबद्दल वाईट बोलायचे नाहीत. फक्त निवृत्तीनंतर ते नावच घ्यायचं बंद केलं. बाबांच्या निरोपसमारंभाला सगळा कारखाना आला होता. फोरमन आले, कॅन्टीनवाला आला, दारावरचा पहारेकरी आला. बर्फसाहेब आले नाहीत. त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत ठेवलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

"जा," बाबा म्हणाले. "पण माझं नाव सांगू नकोस."

"नाव कशाला सांगायला हवं," आई म्हणाली. "तुमचं नाक घेऊनच चालली आहे ती."

बर्फसाहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि कपाळावर चक्क घाम. त्यांनी धाकटीकडे बघितलं, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाले, "सेक्रेटरींची मुलगी. आत ये. हे धर."

आत जमिनीवर एक कपाट सुट्या तुकड्यांत पसरलं होतं. दुकानातून तसंच आलं होतं, घरी जोडायचं. फळ्या, बिजागऱ्या, स्क्रूंच्या पुड्या, आणि कसं जोडायचं त्याचा कागद, जो साहेबांनी अजून उघडलाच नव्हता.

"कागद वाचायचा का आधी?" धाकटीने विचारलं.

"मी आयुष्यभर नियम लिहिले," ते म्हणाले. "वाचायची कधी वेळ आली नाही."

मग ती फळी धरून उभी राहिली आणि ते स्क्रू पिळत राहिले, आणि तशातच तिने हातमोज्यांचा कारखाना, पाळ्या, भोंगा, मौनी, घंटा असं सगळं सांगितलं. साहेब मध्ये एकदाही बोलले नाहीत. तिला आधी वाटलं ते ऐकत नाहीत. मग लक्षात आलं, ते ऐकत होते म्हणूनच बोलत नव्हते.

"तुझी भीती काय आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नापास होण्याची."

"तुझी नाही, कारखान्याची. पाळ्या आदल्या संध्याकाळी का लावतो तो? कामगारांना छळायची हौस असते म्हणून?"

धाकटीने कधी हा विचारच केला नव्हता. तालमीत तिने एकामागून एक गोष्टी देऊन टाकल्या होत्या, पण व्यवस्थापनाला पाळ्या उशिरा का लावाव्या लागतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"ते आधी शोध," साहेब म्हणाले. "आपण कशाला घाबरतो हे कळलं नाही तर माणूस एक तर सगळं देतो नाहीतर काहीच देत नाही. आणि दुसरं सांगतो. समोरच्याला हरवून परत पाठवू नकोस. त्याला आपल्या माणसांत जाऊन उभं राहायचं असतं. 'हे मी आणलं' असं सांगायला त्याच्या हातात काहीतरी असू दे. तुझे बाबा रिकाम्या हाताने फाटकापाशी गेले असते तर पुढच्या करारात माझ्यासमोर कोण बसलं असतं? कोणीतरी आडदांड. मला सेक्रेटरीच हवे होते." त्यांनी स्क्रू काढला, चुकीच्या भोकात गेला होता. "अजून चष्मा काढतात का ते बोलताना?"

"कधी कधी. का?"

"चष्मा काढला की समजायचं, आता तडजोडीला तयार आहेत. मग मी आणखी ताणायचो नाही."

धाकटी हसली. मग फळी हाताने घट्ट धरून, सगळा धीर एकवटून तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या निरोपाला का नाही आलात?"

साहेब थांबले. स्क्रूड्रायव्हरचं टोक बोटाने पुसत राहिले.

"नवा करार नुकताच झाला होता," ते म्हणाले. "चांगला करार होता, त्यांनी भांडून मिळवलेला. पण निम्म्या लोकांना वाटत होतं की सेक्रेटरी शेवटी शेवटी मऊ पडले. त्या दिवशी मी जाऊन त्यांच्या गळ्यात हार घातला असता, खांद्यावर हात ठेवला असता, तर दुसऱ्या दिवशी कारखानाभर काय झालं असतं? 'बघा, आतून एकच होते.' त्यांची सगळी वर्षं मातीत गेली असती. मी तयार होऊन बसलो होतो घरी. बूटसुद्धा घातले होते. मग काढले."

कपाट शेवटी उभं राहिलं, पण एका बाजूला झुकून. दार लावलं की आपोआप उघडायचं. आणि मूठभर स्क्रू उरले होते, ज्यांकडे दोघांनीही बघितलं नाही.

घरी आल्यावर धाकटीने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. चष्म्याची गोष्ट ऐकून बाबांचा हात नकळत चष्म्याकडे गेला आणि मध्येच थबकला. "लबाड," ते म्हणाले. "आणि मला वाटायचं मला एकट्यालाच ठाऊक आहे त्याचं. तो दुसऱ्यांदा चहा मागवायचा ना, की मी समजायचो, आता गडी ठरवणार."

मग तिने निरोपाचं सांगितलं. बाबा खिडकीपाशी गेले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं, ते बघत उभे राहिले. आईने भांडी आवरायची थांबवली.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "बोलले असते लोक. नक्कीच बोलले असते." आणि पाठ तशीच ठेवून, "बूट घातले होते म्हणाला?"

"हो."

"कपाट झुकलंय म्हणतेस?"

"बरंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. धाकटीला बरोबर घेतलं, 'पत्ता नीट माहीत नाही' या सबबीवर, जरी तो त्यांना पाठ होता. साहेबांनी दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाचे केस पांढरे झाले होते, दुसऱ्याचे गेले होते.

"या सेक्रेटरी," बर्फसाहेब म्हणाले.

"कपाट बघायला आलोय," बाबा म्हणाले.

एवढंच. बाबांनी कपाट पाहिलं, उरलेले स्क्रू पाहिले, आणि ज्या नजरेने पूर्वी करारातली खोच शोधायचे तशा नजरेने फळ्यांकडे बघितलं. "सगळं उचकटावं लागेल. मागची फळी उलटी लावलीय."

"उलटी नाही. कागदात तशीच आहे."

"तुम्ही कागद वाचलात?"

"नाही."

"मग?"

धाकटी स्वयंपाकघरात जाऊन चहा करू लागली. कपाट आधी पायाकडून उचकटायचं की माथ्याकडून, यावर बाहेर त्यांची जुंपली होती. तिने लहानपणापासून ऐकलं होतं की दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ती चहा घेऊन आली तेव्हा विळा जमिनीवर आडवा पडून बिजागरी बसवत होता आणि भोपळा त्याच्यासाठी विजेरी धरून उभा होता. परत निघेपर्यंत कपाट सरळ झालं होतं, आणि पुढच्या खेपेला पलंग बघायचं ठरलं होतं. पलंगाला काहीही झालेलं नव्हतं.

सरावाचा दिवस आला. मॅडमनी बघायला कोणीही यावं अशी मुभा दिली होती. धाकटी आणि मौनी टेबलाच्या एका बाजूला बसले. समोर भोंगा आणि त्याचे तीन साथीदार, आणि त्यांच्या मागे सगळा वर्ग. मागच्या बाकावर बाबा आणि बर्फसाहेब शेजारी शेजारी, दोघंही इस्त्रीच्या कपड्यांत.

भोंग्याने सुरुवातच अशी केली की खिडकीची तावदानं थरथरली. "माणूस म्हणजे पट्ट्यावरचा हातमोजा नाही, हवा तेव्हा हवा तिकडे सरकवायला," तो म्हणाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, मग आपली मुलगी कुठे बसलीय हे आठवून हात मांडीखाली घेतले.

धाकटीने शांतपणे आपली बाजू मांडली. पाळ्या उशिरा लागतात, कारण ऑर्डरी उशिरा येतात. दुकानदार आज सांगतो, माल परवा हवा. दोन आठवडे आधी पाळ्या ठरवल्या आणि ऑर्डर अचानक आली, तर माल वेळेवर जाणार नाही, आणि दुकानदार दुसऱ्याकडे जाईल. हे तिला शोधायला चार दिवस वाचनालयात बसावं लागलं होतं. बोलताना तिला जाणवलं, ही भीती खोटी नाही.

"तो तुमचा प्रश्न," भोंगा म्हणाला.

"कारखाना बंद पडला तर तुमचाही," ती म्हणाली.

तिथेच गाडी रुतली. हा म्हणे दोन आठवडे, ती म्हणे शक्य नाही. एक आठवड्याची गोष्ट निघाली, ती युनियनने फेटाळली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू यायला लागली.

"आता तिने बैठक तहकूब करावी," बर्फसाहेब म्हणत होते.

"तहकूब कशाला? आता पोराने उठून जावं. उठला की हिला बोलवावंच लागेल."

"उठून गेला तर मी बोलावणारच नाही."

"तुम्ही बोलावलं होतं. पहिल्या संपात बोलावलं होतं."

"तुम्ही जिन्यातच थांबला होतात म्हणून."

आवाज वाढत गेला. वर्ग मान वळवून मागे बघू लागला. मॅडम उठल्या, मागच्या बाकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर जा. कॅन्टीन तळमजल्यावर आहे." ज्यांना आख्ख्या आयुष्यात कोणी खोलीतून बाहेर काढलं नव्हतं ते दोघं आज्ञाधारक पोरांसारखे, मान खाली घालून निघाले. दारात कोणी आधी बाहेर पडायचं यावरही त्यांचं थोडं झालंच.

"मला थोडी सुट्टी हवी," धाकटी म्हणाली. मॅडमनी दिली.

ती व्हरांड्यातल्या नळावर पाणी प्यायला गेली. तिथे भोंगा आधीच उभा होता, तोंडावर पाणी मारत. टेबलाबाहेर तो जरा लहान दिसत होता.

"तू एवढा चिडून बोलतोस," ती म्हणाली, "खरोखरच कारखान्यात असल्यासारखा."

"बुटांच्या दुकानात आहे मी," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला नाही. "संध्याकाळी. उद्या यायचं की नाही ते आज दुकान बंद होताना सांगतात. बहिणीचा वाढदिवस हुकला, दोन परीक्षा धावत पळत दिल्या. मला काम जड नाही. उद्या मी कुठे असेन एवढं आज माहीत असावं."

"अचानक गर्दी झाली तर जाशील? स्वतःहून विचारलं तर?"

"विचारलं तर जाईनही. कधी कधी मला जास्तीचं काम हवंही असतं. विचारतच नाहीत ना. सांगतात."

धाकटीने नळ बंद केला. विचारणं आणि सांगणं, एवढाच तो फरक. ती काही म्हणाली नाही, कारण साहेबांचं बोलणं तिला आठवलं. हे तिच्या नाही, भोंग्याच्या तोंडून यायला हवं होतं.

टेबलाशी परतल्यावर ती म्हणाली, "आम्हाला तातडीच्या ऑर्डरींची भीती आहे. ती घालवायचा रस्ता तुम्हीच सुचवा. रस्ता पटला तर दोन आठवड्यांचं आम्ही मान्य करू."

भोंगा तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू, बोलता बोलता जोडत, म्हणाला, "पाळ्या दोन आठवडे आधी लागतील. त्या बदलणार नाहीत. तातडीची ऑर्डर आली तर... जे स्वतःहून हात वर करतील त्यांनाच बोलवायचं. सक्ती कोणावरच नाही. आणि जो येईल त्याला पुढची रजा आधी निवडायचा हक्क."

"आणि कोणीच हात वर केला नाही तर?" धाकटीने विचारलं.

भोंग्याने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. याचं उत्तर दोन्ही बाजूंकडे नव्हतं. आणि मग टेबलाच्या टोकाकडून एक आवाज आला, जो त्या खोलीने तीन वर्षांत ऐकला नव्हता.

"तर युनियनने माणसं शोधून द्यावी," मौनी म्हणाला. "त्यांचं लोक ऐकतात. आमचं नाही."

व्यवस्थापन युनियनवर एवढा विश्वास टाकेल, हे भोंग्याला अपेक्षितच नव्हतं. त्याने साथीदारांकडे बघितलं. त्यांनी माना डोलावल्या. "मान्य," तो म्हणाला, आणि तावदानं पुन्हा थरथरली. मौनीनेच करार सुवाच्य अक्षरात लिहिला, सह्या झाल्या, आणि शाई वाळायच्या आत घंटा वाजली.

मॅडमनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "उत्तम," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू पास. फक्त हा करार लागू कधीपासून?"

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी कागदाकडे बघितलं. तारीख कोणीच घातली नव्हती.

"म्हणजे तुमचे हातमोजेवाले अजून जुन्याच पाळ्यांवर आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. आधी मौनी हसला, मग भोंगा, मग सगळा वर्ग. आणि या खेपेस धाकटी उशिरा हसली नाही, कारण विनोद तिच्यासमोर, तिच्याच टेबलावर जन्मला होता. पुढे तो वर्गात इतका चालला की कोणी गृहपाठ उशिरा दिला तरी 'लागू कधीपासून?' म्हणायचे.

ती, मौनी आणि भोंगा असे तिघं खाली कॅन्टीनमध्ये गेले. बाबा आणि साहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते, मध्ये चहाचे रिकामे पेले.

"झाला?" बाबांनी विचारलं.

"झाला."

"तारीख घातली?" बर्फसाहेबांनी विचारलं.

तिघांनीही माना खाली घातल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी कपाळाला हात लावला.

"बसा," बाबा भोंग्याला म्हणाले, "तुमचा आवाज चांगला आहे. पण सगळी वाफ पहिल्याच वाक्यात घालवता." आणि बर्फसाहेबांनी मौनीला शेजारची खुर्ची ओढून दिली. त्या दोघांचं फार छान जमलं. बराच वेळ ते एकमेकांशी काहीच बोलले नाहीत.

पुढच्या सत्रात मॅडमनी त्या दोघांना रीतसर बोलावलं, नव्या वर्गाला खरी बोलणी कशी होतात ते दाखवायला. दोघं आले, पण अट घालून. बाजू बदलायची. बाबा व्यवस्थापन, बर्फसाहेब युनियन. मध्यस्थाच्या जागी मॅडमनी धाकटीला आणि भोंग्याला बसवलं. आईही आली होती, पुढच्या रांगेत, आणि तिच्यासमोर ठेवलेला पाण्याचा पेला तिने आल्या आल्या उजेडाकडे धरून तपासून घेतला होता.

बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या चहाची सुट्टी नाकारली. कारण विचारलं तर म्हणाले, "कारण आम्ही सांगत नसतो." इतका कठोर मालक त्या विभागात कोणी पाहिला नव्हता. पोरं मागे चुळबुळू लागली, दोघं-तिघं तर खरोखरच रागावली. शेवटी बर्फसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि आयुष्यातली पहिली घोषणा दिली.

"आमच्या मागण्या मान्य करा," ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि जरा थांबून, "कृपया."

भोंगा टेबलावर डोकं ठेवून हसू लागला. धाकटीने मध्यस्थाला शोभेल असा गंभीर चेहरा करायचा प्रयत्न केला, पण तोंडाला पदर लावून हसणाऱ्या आईकडे लक्ष गेलं आणि तोही फसला.